स्पर्धा आयोगाची सेवा: चौकशीला चांगले गुण, सुनावणीला बेताचे

भारतीय स्पर्धा आयोग ही तुमच्याआमच्या करांतून चालणारी एक सेवा आहे, तेव्हा एखाद्या विमा कंपनीचे किंवा उपाहारगृहाचे करतो तसे तिचेही परीक्षण करायला हरकत नसावी. विक्रेत्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवले, निविदा आधीच वाटून घेतल्या किंवा एखाद्या बलाढ्य कंपनीने बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केला, तर दाद मागण्याचे देशातले ठिकाण हेच आहे. आयोगाचे अर्थशास्त्र बरोबर की चूक, हा या परीक्षणाचा विषय नाही. तेथे जाणाऱ्या दोन्ही बाजूंचे, म्हणजे तक्रार घेऊन आलेल्याचे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे, नीट ऐकून घेतले जाते का, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: आयोगाची चौकशी पुष्कळदा चांगली असते, पण सुनावणीत केलेली काटकसर आयोगाला आणि ग्राहकांना वर्षानुवर्षे महागात पडत आली आहे. आयोगासमोर पक्षकार म्हणून उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला नाही; त्याने प्रसिद्ध केलेले आदेश आणि त्यांवरचे वरच्या न्यायासनांचे निर्णय वाचून हे लिहिले आहे.

सेवेचा दरवाजा रुंद आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २००२ च्या स्पर्धा कायद्यातील संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीच्या तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आल्या, आणि तेव्हापासून कोणतीही व्यक्ती आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. ती व्यक्ती स्वतः नुकसान सोसलेली असलीच पाहिजे, असे बंधन नाही. टॅक्सीच्या ॲपसंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत झाल्याचे प्रकरण पुण्याच्याच नागरिक चेतना मंच या संस्थेने आयोगापुढे नेले, आणि १ मे २०१८ च्या आदेशाने संबंधित कंपन्यांना दंड झाला. गोव्यात औषधविक्रेत्यांच्या संघटनेने घाऊक विक्रेते नेमण्यावर घातलेल्या बंधनांविरुद्ध दक्षिण गोव्यातील वार्का येथील एक दुकान उभे राहिले, तेव्हा २०१२ मध्ये निर्णय त्याच्या बाजूने लागला. एका गावातल्या औषधाच्या दुकानाला संपूर्ण राज्याच्या संघटनेविरुद्ध दिल्लीत दाद मिळते, ही गोष्ट लहान नाही. या बाबतीत आयोगाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

माहिती दाखल झाल्यावर आयोग पहिला प्रश्न विचारतो तो असा की, प्रथमदर्शनी काही तथ्य दिसते का. दिसत नसेल तर प्रकरण तेथेच बंद होते. दिसत असेल तर कायद्याच्या कलम २६ च्या पहिल्या पोटकलमाखाली महासंचालकांना, म्हणजे आयोगासाठी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना, चौकशीचा आदेश जातो. या टप्प्यावर ज्याच्याविरुद्ध माहिती आली आहे त्याचे ऐकून घेतलेच पाहिजे का, हा वाद आयोगाच्या पहिल्याच वर्षात निघाला. रेल्वेला रूळ पुरवण्याच्या व्यवहारावरून जिंदाल स्टीलने सरकारी पोलाद प्राधिकरणाविरुद्ध, म्हणजे सेलविरुद्ध, माहिती दाखल केली होती. ९ सप्टेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की चौकशीचा आदेश हा प्रशासकीय स्वरूपाचा आहे, त्याने कोणाचे हक्क ठरत नाहीत, म्हणून त्या टप्प्यावर नोटीस व सुनावणी हा हक्क म्हणून मागता येणार नाही आणि त्या आदेशावर अपीलही चालणार नाही. आयोगाने थोडक्यात का होईना कारणे मात्र नोंदवली पाहिजेत. मला हा निर्णय पटतो, कारण प्रत्येक चौकशीच्या उंबरठ्यावरच दोन-तीन वर्षांची लढाई लढू दिली तर पुरावा जागेवर राहणार नाही.

असा एखादा आदेश वाचून पाहण्यासारखा असतो. परिच्छेदांना क्रमांक असतात, आधी माहिती देणाऱ्याचे म्हणणे, मग संबंधित बाजारपेठ कोणती याचा विचार, मग प्रथमदर्शनी मत. आणि शेवटी बहुतेक प्रत्येक आदेशात जवळजवळ त्याच शब्दांत येणारा एक परिच्छेद, ज्यात म्हटलेले असते की या आदेशातील कोणतेही निरीक्षण हे प्रकरणाच्या गुणवत्तेवरील अंतिम मत समजू नये आणि महासंचालकांनी त्याने प्रभावित न होता चौकशी करावी. परिच्छेद चांगला आहे. मात्र त्याच्या आधीची काही पाने कधी कधी इतक्या ठाम सुरात लिहिलेली असतात की, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रभावित न होण्यासाठी ती पाने वाचलीच नाहीत तर बरे, असे वाटून जाते. महासंचालकांनी अहवाल द्यावा म्हणून साधारण साठ दिवसांची मुदत घातलेली असते. ती वाढत वाढत वर्षांवर जाते, हे आदेशांवरच्या तारखा मोजणाऱ्या कोणालाही दिसेल.

महासंचालकांचे कार्यालय म्हणजे या सेवेचे स्वयंपाकघर. तेथे कागदपत्रे मागवली जातात, शपथेवर जबाब घेतले जातात, झडतीही होते, आणि अहवाल तयार होऊन आयोगाकडे जातो. पूर्वी महासंचालकांची नेमणूक केंद्र सरकार करत असे. २०२३ च्या दुरुस्तीने ती केंद्राच्या पूर्वसंमतीने आयोगानेच करावी अशी तरतूद केली. चौकशी करणारा आणि निवाडा देणारा यांच्यातले अंतर त्यामुळे वाढले नाही, कमीच झाले, आणि हा बदल मला तरी रुचलेला नाही. दुसरीकडे, २०२२ मध्ये गोपनीय कागदपत्रांसाठी जी नवी व्यवस्था आणली ती खरोखर उपयोगी आहे. त्याआधी आरोप असलेल्या कंपनीच्या हाती पडणाऱ्या अहवालात दुसऱ्यांची गुपिते म्हणून गाळलेल्या जागा इतक्या असत की, नेमके कशाला उत्तर द्यायचे हेच उमगू नये. आता दोन्ही बाजूंच्या ठरावीक प्रतिनिधींना हमीपत्र देऊन ते कागद पाहता येतात. ज्याच्या आधारे दोषी ठरवायचे तो कागद आधी दाखवला पाहिजे, ही गोष्ट नियमावलीत यायला तेरा वर्षे लागली.

उलटतपासणीच्या बाबतीत तर सेवेचा दर्जा बरीच वर्षे निकृष्ट राहिला. जबाबावर विसंबायचे, पण जबाब देणाऱ्याला समोरच्या वकिलाने प्रश्न विचारू द्यायचे नाहीत, असा प्रकार अनेकदा घडला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शॉट ग्लास इंडिया आणि कपूर ग्लास यांचे प्रकरण. इंजेक्शनच्या कुप्या ज्या बोरोसिलिकेट काचनळ्यांपासून बनतात त्या शॉट बनवते. कपूर ग्लास त्या विकत घेऊन कुप्या तयार करणाऱ्यांपैकी एक. सवलतींमध्ये आपल्यावर अन्याय होतो, असे तिचे म्हणणे होते, आणि महासंचालकांनी इतर कुपी-उत्पादकांचेही जबाब घेतले. मार्च २०१२ मध्ये आयोगाने बहुमताने ५ कोटी ६६ लाख रुपयांचा दंड केला. त्या जबाबांची उलटतपासणी करू द्या, ही शॉटची मागणी मान्य झालेली नव्हती. अपिलीय न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दंड रद्द केला, आणि १३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विक्रम नाथ व न्यायमूर्ती प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने तो रद्द होणेच योग्य ठरवले. त्या निर्णयात बाजारावरील परिणाम तपासण्याचा मुद्दा मोठा आहेच. पण उलटतपासणी नाकारणे हा नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे प्रत्येक बाजूला नीट बाजू मांडू देण्याच्या तत्त्वाचा, भंग होता, हेही न्यायालयाने सांगितले. एक वाद मिटायला पंधरा वर्षे लागली. त्या काळात काचनळ्यांच्या बाजारात कपूर ग्लासची तक्रार खरी होती की खोटी, हे साक्षीदारांना पहिल्याच फेरीत चार प्रश्न विचारू दिले असते तर कदाचित लवकर कळले असते.

मात्र या परीक्षणात सर्वांत जास्त जागा सिमेंटच्या प्रकरणालाच द्यावी लागेल, कारण त्यात चौकशीचे गुण आणि सुनावणीचे दोष एकाच ठिकाणी दिसतात, आणि ते प्रकरण आपल्या घराच्या अगदी जवळचे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने २०१० मध्ये माहिती दाखल केली की, सिमेंट कंपन्या संघटनेच्या आडून उत्पादन आणि भाव यांची जुळवाजुळव करतात. ज्यांच्यावर आरोप होता त्यांत एसीसी, अंबुजा आणि अल्ट्राटेक यांसारखी नावे होती. २० जून २०१२ रोजी आयोगाने अकरा कंपन्या व त्यांच्या संघटनेला सहा हजार तीनशे कोटी रुपयांहून अधिक दंड केला. त्या वर्षी घर बांधायला काढलेल्या माणसाला या आकड्याने किती समाधान वाटले असेल, याची कल्पना करता येते.

पुढे काय झाले ते मात्र शांतपणे वाचावे. कंपन्यांच्या वकिलांचे अंतिम युक्तिवाद फेब्रुवारी २०१२ मध्ये सलग तीन दिवस चालले. त्या तिन्ही दिवशी आयोगाचे अध्यक्ष बैठकीत नव्हते. आदेशावर मात्र इतर सदस्यांच्या बरोबरीने त्यांचीही सही होती. ज्याने ऐकले त्यानेच निवाडा द्यावा, हे नैसर्गिक न्यायाचे अगदी प्राथमिक तत्त्व आहे. गावातल्या पंचायतीतही जो पंच बैठकीला आला नाही त्याला निवाड्यात बोलू देत नाहीत. अपिलीय न्यायाधिकरणाने ११ डिसेंबर २०१५ रोजी संपूर्ण आदेश याच मुद्द्यावर रद्द केला आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी आयोगाकडे परत पाठवले. सिमेंट कंपन्यांनी संगनमत केले होते की नव्हते, या प्रश्नाला हातही न लावता साडेतीन वर्षे वाया गेली, आणि अपिलाच्या काळात कंपन्यांनी भरलेली दंडाची दहा टक्के रक्कम परत घेण्याची मोकळीक त्यांना मिळाली.

आयोगाने पुन्हा ऐकले, आणि ३१ ऑगस्ट २०१६ रोजी पुन्हा त्याच निष्कर्षाला येऊन सुमारे सहा हजार सातशे कोटींचा दंड केला. तो २५ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणातही टिकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिले दाखल करून घेतली आणि दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर वसुली थांबलेली राहिली. दुसऱ्यांदा नीट ऐकून दिलेला आदेश पहिल्याच अपिलात टिकला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची आहे. निष्कर्ष तोच, पुरावा बहुतांशी तोच, फरक एवढाच की या वेळी ऐकणारे आणि सही करणारे एकच होते. सुनावणीचे नियम म्हणजे बड्या कंपन्यांच्या महागड्या वकिलांना पळवाट, असे म्हणणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे. सिमेंटच्या प्रकरणात पळवाट वकिलांनी शोधली हे खरे, पण ती आयोगाने स्वतःच्या हाताने बांधून ठेवली होती.

क्रिकेट नियामक मंडळाच्या प्रकरणात हाच दोष वेगळ्या रूपात दिसला. आयपीएलच्या प्रसारणहक्कांच्या करारात मंडळाने अशी हमी दिली होती की, इंडियन प्रीमियर लीगशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या व्यावसायिक देशांतर्गत ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धेला मान्यता देणार नाही. आयोगाने ८ फेब्रुवारी २०१३ रोजी ५२ कोटी २४ लाखांचा दंड केला. अपिलात निघाले की, आयोगाने आपल्या निष्कर्षासाठी महासंचालकांच्या अहवालाबाहेरची, संकेतस्थळांवरून मिळवलेली माहिती वापरली होती आणि ती मंडळापुढे ठेवून त्याचे म्हणणे मागितलेच नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये आदेश रद्द झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाने नव्याने विचार करून नेमका तेवढाच, ५२ कोटी २४ लाखांचा, दंड पुन्हा केला. आकड्यातला एक रुपयाही बदलला नाही, पण पावणेपाच वर्षे गेली. जी माहिती सार्वजनिक आहे ती दाखवण्यात अडचण काय होती, हे मला आजवर समजलेले नाही.

असे पुन्हा पुन्हा का घडते, याचे एक उत्तर आयोगाच्या घडणीत आहे. मूळ कायद्यात अध्यक्षपद प्रशासकीय अधिकाऱ्याकडे जाऊ शकेल अशी रचना होती, तिला आव्हान मिळाले, आणि २००५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००७ च्या दुरुस्तीने अपिलासाठी वेगळे न्यायाधिकरण निर्माण केले. तरीही चौकशीचा आदेश देणारे, अहवाल स्वीकारणारे, ऐकणारे आणि दंड करणारे सदस्य एकच, शिवाय प्रकरण चालू असताना ते निवृत्त होऊन नवे येत राहतात. मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला होता. त्यातून निघालेल्या याचिकांवर दिल्ली उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी दिलेला निर्णय महिंद्रा इलेक्ट्रिक मोबिलिटी या नावाने ओळखला जातो. न्यायालयाने आयोगाची एकंदर रचना घटनाबाह्य ठरवली नाही. पण समसमान मते पडल्यास अध्यक्षाला निर्णायक मत देणारी तरतूद रद्द केली, अंतिम सुनावणीला न्यायिक पार्श्वभूमीचा सदस्य असावा असे सांगितले, आणि अंतिम सुनावणी सुरू झाल्यावर ऐकणारे सदस्य बदलू नयेत अशी अपेक्षा व्यक्त केली.

अपेक्षा रास्त आहे, पण सदस्यच नसतील तर काय करायचे? २०१८ मध्ये केंद्राने आयोगाची संख्या अध्यक्ष आणि तीन सदस्य इतकी खाली आणली. बैठकीला किमान तिघे लागतात. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस अध्यक्ष निवृत्त झाले आणि नव्या अध्यक्षांची नेमणूक मे २०२३ मध्ये झाली, तोवर गणपूर्तीच होत नव्हती. कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देण्याचे काम तुंबू लागले तेव्हा आवश्यकतेच्या तत्त्वाचा, म्हणजे दुसरा मार्गच नसेल तर आहेत तेवढ्यांनी काम चालवावे या तत्त्वाचा, आधार घेऊन ते चालवले गेले. संगनमताच्या प्रकरणांतले पक्षकार मात्र ताटकळत राहिले. या दोषाचे माप आयोगाच्या पदरात घालता येणार नाही, ते नेमणुका करणाऱ्यांच्या पदरात पडते.

दंड किती करायचा, या टप्प्यावरही ऐकून घेणे महत्त्वाचे असते. अन्न महामंडळाला धान्याच्या कोठारांसाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांच्या निविदांत संगनमत झाल्याच्या प्रकरणात आयोगाने कंपन्यांच्या सर्व उत्पादनांची उलाढाल धरून दंड केला होता. ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण दंड संबंधित उत्पादनाच्या उलाढालीवरच मोजावा असे ठरवले, आणि एक्सेल क्रॉप केअरचा ६३ कोटी ९० लाखांचा दंड अपिलीय न्यायाधिकरणाने २ कोटी ९२ लाखांवर आणला होता तो तसाच राहिला. त्याच निर्णयात न्यायालयाने महासंचालकांच्या बाजूने हेही सांगितले की, मूळ माहितीत नसलेली, चौकशीत पुढे आलेली निविदाही त्यांना तपासता येते. दोन्ही गोष्टी मला समतोल वाटतात. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र दंडाची कमाल मर्यादा मोजताना कंपनीची जगभरातील उलाढाल धरायची सोय केली, आणि अपील करायचे तर दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट घातली. मोठ्या कंपनीला ही अट झेपेल. जिचा दंडच तिच्या वर्षाच्या नफ्याहून अधिक आहे अशा लहान उद्योगाला ती झेपणार नाही, आणि ज्या आदेशांतला सुनावणीचा दोष केवळ अपिलामुळे उघड झाला तसे आदेश यापुढे तपासलेही जाणार नाहीत.

त्याच दुरुस्तीने आणलेली तडजोडीची सोयही याच दिशेने नेते. महासंचालकांचा अहवाल हाती पडल्यावर ४५ दिवसांत तडजोडीचा अर्ज केला तर रकमेत १५ टक्के सूट मिळते, पण त्या आदेशावर अपील नाही. अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गुगलने एप्रिल २०२५ मध्ये २० कोटी २४ लाखांवर अशी तडजोड केली. वेळ वाचतो हे खरे. मात्र अहवालाची उलटतपासणी न होता, आयोगापुढे एक शब्दही न बोलता, तो मान्य करायचा की नाही हे दीड महिन्यात ठरवावे लागते, तेव्हा अहवालच एकतर्फी असेल तर सूट ही सूट राहत नाही.

तेव्हा गुण द्यायचे तर दरवाजाला पाचपैकी पाच, चौकशीला साडेतीन, सुनावणीला अडीच. माहिती दाखल करायला जाणाऱ्या संस्थेला किंवा दुकानदाराला माझा सल्ला असा आहे की, आपल्या साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी यासाठी त्याला पहिल्यापासून तयार ठेवावे आणि समोरच्याने ती मागितली तर विरोध करू नये. कपूर ग्लासला शेवटी पदरात काय पडले ते पाहावे, सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर पाच लाखांचा खर्चही बसवला. आरोप असलेल्या पक्षाने उलटतपासणीची मागणी लेखी करावी, ती कोणत्या साक्षीदाराची आणि कोणत्या मुद्द्यावर हे लिहावे, आणि प्रत्येक तारखेला बैठकीत कोण कोण सदस्य हजर होते ते स्वतःच्या वहीत टिपून ठेवावे.